वरचा उजवा कोपरा

बाईंना सगळे नेमबाज म्हणायचे. थट्टा होतीच, पण त्या थट्टेत मानही होता. समोर चित्र आलं की बाई उजवा डोळा मिटायच्या, मान जराशी पुढे काढायच्या आणि डावा डोळा चित्राच्या बरोबर मधोमध रोखून बसायच्या. कुणी हाक मारली तरी पापणी लवायची नाही. मग पेन्सिलीचं टोक पडद्यावर टेकवून म्हणायच्या, "हा." आणि तिथे खरंच काहीतरी असायचं. बंदूक तेवढी हातात नव्हती.

त्यांचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकर्मकठीण. दुर्बीण होती लांब एका डोंगरावर. रात्रभर ती आकाशाचे फोटो काढायची आणि सकाळी ते शहरातल्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर येऊन पडायचे. पाहावं तर कालचा आणि आजचा फोटो सारखाच, ताऱ्यांचा नुसता कचरा सांडल्यासारखा. म्हणून नव्या फोटोतून महिन्यापूर्वीचा फोटो वजा करायचा. जे तेव्हाही होतं आणि आताही आहे ते एकमेकांत जिरून जायचं आणि उरायचं ते नवं. त्याला इथले लोक 'बाकी' म्हणायचे. सकाळी जिन्यात भेटले की एकमेकांना "बाकी काय?" विचारायचे. खालच्या मजल्यावरच्या विमा कंपनीतल्या लोकांना वाटायचं, किती आपुलकीची माणसं आहेत.

ही बाकी म्हणजे बहुधा फुटलेला तारा. मोठा तारा मरताना फुटतो, काही आठवडे अख्ख्या दीर्घिकेला भारी पडेल इतका उजळतो आणि मग विझून जातो. ठळक स्फोट संगणक आपणहून पकडायचा. फार लांबचे, म्हणजेच फार जुन्या काळातले, इतके पुसट असायचे की संगणक हात टेकायचा. ते सगळे बाईंकडे. खोलीतला दिवा बंद, खिडकीला जाड काळं कापड आणि समोर राखाडी चित्र. पुसट गोष्ट थेट पाहिली तर दिसत नाही. तिच्यावरून नजर चुकवावी लागते, कारण अंधुक उजेडाला डोळ्याची कड मधल्या भागापेक्षा जास्त जागी असते. बाई पाहायच्या मधोमध आणि पकडायच्या कडेचं. दुसरा डोळा का मिटता असं विचारलं तर म्हणायच्या, "दोघं बोलायला लागले की कुणाचं ऐकायचं? एकाला गप्प बसवलेलं बरं." हे कसब त्यांनी वीस-बावीस वर्षं घासून कमावलं होतं आणि त्याचा त्यांना गर्व होता. नव्हता असं म्हणणं खोटं होईल.

वर्षभरापूर्वी चित्रांच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात मळ यायला लागला. डाग म्हणावा तर डाग नव्हे, तिथलं चित्र जरा मंदावल्यासारखं व्हायचं इतकंच. या कामात एक नियम पाढ्यासारखा पाठ असतो: जे दर चित्रात त्याच जागी दिसतं ते आकाशातलं नसतं, यंत्रातलं असतं. बाईंनी लगेच डोंगरावर कॅमेरा सांभाळणाऱ्याला फोन लावला.

"धूळ बसलीय तुमच्या कॅमेऱ्यावर. वर उजवीकडे."

"परवाच पुसलाय, बाई."

"मग नीट पुसला नसेल."

"आता काय पुसून पुसून भोक पाडू?"

त्याने पुन्हा पुसला. मळ तिथेच. बाईंना वाटलं, आपला पडदाच खराब झाला असेल. गटाच्या साहेबांशी हुज्जत घालून त्यांनी नवा कोरा पडदा टेबलावर आणवला. नव्या पडद्यावरही मळ त्याच कोपऱ्यात. म्हणजे पडदा निर्दोष, म्हणजे कॅमेराच, म्हणजे डोंगरावरचा तो इसम थापा मारतो. कसं अगदी तर्काला धरून! एकदा त्यांनी शेजारच्या खोलीतल्या गणितीला बोलावून कोपरा दाखवला. गटातली सगळी आकडेमोड त्याच्याकडे असायची. तो बराच वेळ वाकून पाहत राहिला आणि म्हणाला, "ताई, मला काही दिसत नाही."

"तुझ्या डोळ्यांना सवय नाही रे," बाई म्हणाल्या आणि हसल्या.

आकाशातला उजेड आणि बाई यांच्यामध्ये तीन गोष्टी होत्या. कॅमेरा, पडदा आणि डोळा. पहिल्या दोन तपासून झाल्या. तिसरीवर संशय घ्यायचा तर तो कुणाच्या डोळ्यांनी घ्यायचा? बाईंच्या ते मनातही आलं नाही. शेवटी या धंद्यातल्या कुणीही केलं असतं तेच त्यांनी केलं, मनातल्या मनात तो मळ वजा करून टाकला. महिन्याभरात तो जाणवेनासा झाला. अंधाऱ्या खोलीत मान वळवली की कधी कधी डाव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखी चमक उठायची. वयोमानाने होत असेल, म्हणून बाईंनी तीही वजा केली.

इकडे साहेबांच्या गटाचं नाव होऊ घातलं होतं. बाईंना सापडलेल्या ताऱ्यांवरून असं दिसत होतं की फार जुन्या काळात तारे अपेक्षेपेक्षा बरेच कमी फुटत होते. या उणिवेला साहेब 'तूट' म्हणायचे. तूट म्हणताना त्यांचा चेहरा असा फुलायचा की मुलीचं लग्न ठरलंय असं वाटावं. दोन शहाण्यांनी त्या तुटीवर सिद्धांतही रचून टाकले होते. थोड्याच दिवसांत पत्रकारांसमोर हे जाहीर व्हायचं होतं. त्याआधी एकच काम उरलं होतं, ठगांची मोजणी.

ठग म्हणजे खोटे तारे. पहारेकरी जागा आहे की नाही हे पाहायला गणिती अधूनमधून चित्रांत गुपचूप खोटे स्फोट पेरायचा. कुठे पेरले ते त्यालाच ठाऊक. बऱ्याच महिन्यांनी सगळं एकदम उघडायचं आणि किती सुटले ते पाहायचं. बाईंच्या हातून शंभरात चार-पाच सुटायचे. त्यामुळे मोजणीच्या दिवशी बाई निवांत असायच्या, घरून आणलेला डबाही पोटभर खायच्या.

त्या दिवशी दुपारी गणिती लॅपटॉप छातीशी धरून आला.

"ताई, दार लावू का?"

"लाव. का रे?"

"यंदा बरेच सुटलेत."

"बरेच म्हणजे?"

"जवळजवळ चौथा हिस्सा."

बाईंना आधी रागच आला. "ठग जास्तच पुसट पेरलेस तू."

"नाही, दरवेळेसारखेच. तुम्ही हे बघा ना." त्याने लॅपटॉप वळवला. चौकटीत ठिपके होते, सापडलेले निळे आणि सुटलेले लाल. निळे सगळीकडे पसरले होते. लाल सगळे एका जागी, वर उजवीकडे. कुणी कात्री घेऊन चौकटीचा कोपरा कापून न्यावा तसं दिसत होतं.

बाईंचा जीव भांड्यात पडला. "मळ! वर्षभर कानीकपाळी ओरडतेय मी. कॅमेऱ्यात खोट आहे म्हणून."

गणिती लॅपटॉपची कड नखाने खरवडत राहिला. तो एरवी बोलायचा थांबत नसे. बाईंना ते खटकलं.

"काय झालं?"

"ताई, ठग कॅमेऱ्यातून येत नाहीत," तो हळूच म्हणाला. "मी इथे बसून चित्रात घालतो. कॅमेरा डोंगरावर. तो त्यांना कसा झाकेल?"

बाई त्या लाल ठिपक्यांकडे पाहत राहिल्या. पडदा तर नवा होता.

"दिवा बंद कर," त्या म्हणाल्या.

गणितीने दिवा घालवला आणि बाईंच्या यंत्रावर एक चित्र लावलं. बाईंनी उजवा डोळा मिटला, डावा मधोमध रोखला. पाठीमागून त्याच्या बोटांचा टकटक आवाज आला.

"काही दिसतंय?"

"नाही."

टकटक. "आता?"

"अजून काही घातलंच नाहीस तू."

टकटक. टकटक. "आता, ताई?"

"काही नाही रे. रिकामं आहे. चेष्टा करतोस का?"

"ताई, नजर हलवू नका," गणिती म्हणाला. "फक्त उजवा डोळा उघडा."

बाईंनी डोळा उघडला. वरच्या उजव्या कोपऱ्यात रस्त्यावरच्या दिव्याएवढा तारा जळत होता. त्याच्यापुढे बाकीचं सगळं चित्र फिकं पडलं होतं. त्यांनी उजवा डोळा पुन्हा मिटला. तारा गेला. उघडला, आला. त्यांनी हे किती वेळा केलं देव जाणे. शेवटी गणितीनेच हात पुढे करून यंत्र बंद केलं.

"कुणाला सांगू नकोस," बाई म्हणाल्या. "उद्यापर्यंत तरी नको." आणि पर्स उचलून त्या चालू लागल्या.

घरी जाताना त्यांनी रस्त्याच्या कडेने चालत उजवा डोळा मिटून पाहिलं. इमारती होत्या, माणसं होती, समोरून सायकलवाला येत होता. सिग्नलच्या खांबाकडे पाहिलं तर शेजारच्या इमारतीचा वरचा मजला नव्हता. त्या जागी काळं असतं तर बाई इतक्या घाबरल्या नसत्या. काळं म्हणजे निदान काहीतरी. तिथे काहीच नव्हतं. तिथे काही नाही हेसुद्धा दिसत नव्हतं. जग खालच्या मजल्यापर्यंतच आहे आणि तेवढंच असतं, असं डोळा बिनदिक्कत सांगत होता. रस्ता ओलांडायचा होता, तर त्या तीनदा पाऊल पुढे टाकून मागे आल्या.

घरात सासूबाई आणि नवरा. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. "माझा कारभार पृथ्वीपुरता, पुढचं हिला विचारा," हे त्याचं पाहुण्यांसमोरचं ठरलेलं वाक्य होतं. सासूबाईंचं दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हापासून डोळा या विषयात त्यांच्यापुढे डॉक्टरांचंही काही चालत नसे. जेवताना बाईंचं लक्ष नव्हतं. त्या पुन्हा पुन्हा उजवा डोळा मिटून समोरच्या दाराकडे पाहत होत्या. चौकटीचा वरचा कोपरा आहे का, नाही का.

"अगं, जेवणावर कसला नेम धरतेस?" सासूबाई म्हणाल्या. "पळून जात नाही ते ताटातून."

नवरा हसला. बाईही हसायला गेल्या आणि त्यांना एकदम रडूच फुटलं. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"काय झालं? कुणी काही बोललं का कचेरीत?" नवऱ्याने विचारलं.

"मला या डोळ्याने तू अर्धाच दिसतोयस," बाई म्हणाल्या. "वर्षभर. मला दिसत होतं की दिसत नाहीये, आणि मी ते सोडून दिलं."

नवऱ्याला काहीच कळलं नाही, पण तो उठला आणि त्यांच्या शेजारी येऊन बसला. त्याने बाईंना उजवा डोळा मिटायला लावून एक बोट वर धरलं आणि इकडून तिकडे नेलं. जाता जाता ते एका ठिकाणी नाहीसं झालं. दोघांनाही कळलं. सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांबद्दल गप्प बसल्या होत्या, आणि बाईंना त्याचीच जास्त भीती वाटली.

सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घातले, बाहुली मोठी झाल्यावर प्रखर दिवा लावून बराच वेळ आत पाहिलं. खाली पाहा, वर पाहा, अजून वर. मग खुर्ची मागे सरकवली.

"पडदा सुटलाय."

"पडदा तर मी बदलला होता," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

डॉक्टरांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने बाईंचा हात दाबला.

"डोळ्याचा पडदा," डॉक्टर म्हणाले. "भिंतीचा रंग पोपडा धरून सुटतो ना, तसा खालच्या बाजूने सुटत आलाय. खालचा सुटला की वरचं दिसेनासं होतं, कारण डोळ्यात चित्र..."

"उलटं पडतं. माहीत आहे. दुर्बिणीतही तसंच पडतं."

"कधीपासून दिसत नाहीये?"

"वर्ष झालं."

"आणि आलात आज?"

"मला वाटलं कॅमेरा आहे," बाई म्हणाल्या. वर्षभर डोंगरावरच्या त्या माणसाला आपण काय काय बोललो ते त्यांना आठवलं.

डॉक्टरांनी मग स्पष्टच सांगितलं. पडद्याचा मधला भाग अजून चिकटलेला होता, पण सुटलेली कड त्याच्या अगदी जवळ येऊन थांबली होती. मधला भाग सुटला तर हा डोळा वाचायच्या आणि कामाच्या उपयोगाचा राहणार नाही. उद्या सकाळीच ऑपरेशन. तोवर जड उचलायचं नाही, वाकायचं नाही, धावायचं नाही.

"आणि कोपरा?" बाईंनी विचारलं. "तो परत येईल?"

"इतके दिवस सुटलेला पडदा आम्ही चिकटवू शकतो. तो पुन्हा पाहायला लागेल का, ते चिकटवल्यावरच कळेल."

बाहेर येऊन बाईंनी आधी साहेबांना फोन लावला. फोन लागेपर्यंत त्या बाकावर बसल्या. त्यांनी ठगांचं सांगितलं, लाल ठिपक्यांचं सांगितलं, डोळ्याचं सांगितलं.

"मग तूट?" साहेबांनी विचारलं.

"गणिती बसलाय हिशोब करत. पण नसेलच ती, साहेब. ठळक तारे संगणक पकडत होता. पुसट माझ्याकडे येत होते आणि त्यातला चौथा हिस्सा माझ्यासमोरून निघून जात होता. विश्वाला काही झालं नव्हतं. मला झालं होतं."

"बाई, त्यावर दोघांनी सिद्धांत मांडलाय हो," साहेब कळवळून म्हणाले, जसे काही ते सिद्धांत आता दारात उभे राहून जेवायला मागणार होते. मग स्वतःच म्हणाले, "पत्रकारांचं मी रद्द करतो. तुम्ही डोळ्याचं बघा. ते आधी."

"हो."

"बाई."

"बोला."

"तुमच्या चित्रांत ठग पेरणारा एक माणूस होता म्हणून हे कळलं." साहेबांचा आवाज बारीक झाला होता. तीस वर्षं व्याख्यानं देऊन कमावलेला तो आवाज कुठे गेला कोण जाणे. "नाहीतर आपण हे शाळेच्या पुस्तकात घातलं असतं. मला रात्रभर झोप लागणार नाही आता. कारण सगळी माणसं एकाच घाटाची. सगळ्यांचाच एखादा कोपरा असा सुटलेला असेल, जन्मापासूनच, तर? तिथे ठग कुणी पेरायचे?"

बाईंना कालच्या रस्त्यावरचा तो नसलेला मजला आठवला. "ठेवते," एवढंच त्या म्हणाल्या.

ऑपरेशनला घेऊन जाताना नवऱ्याने सांगितलं, घाबरू नकोस. बाई म्हणाल्या, "मी घाबरलेय. तू पण घाबर थोडा, मला सोबत होईल." तो म्हणाला, "मी केव्हाचाच घाबरलोय." त्यावर दोघं थोडे हसले आणि दार बंद झालं.

डॉक्टरांनी पडदा चिकटवून तो दाबून धरायला डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता; बुडबुडा मागे पडद्याकडे चढावा म्हणून बाईंना दिवसचे दिवस पालथं पडून राहावं लागलं. जन्मभर आकाशाकडे पाहणाऱ्या बाईच्या वाट्याला फरशी आली. त्यांना त्या फरशीतली प्रत्येक चीर पाठ झाली. सासूबाई उशाशी बसून वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या, निम्मं बातमीतलं आणि निम्मं पदरचं. गणिती एकदा येऊन गेला. जुनी चित्रं त्याने दोघांकडून पुन्हा तपासून घेतली होती. कोपऱ्यातले तारे सापडले होते, पण नुसते ठिपके म्हणून. त्यांच्या उजेडाची मोजमापं घ्यायची तर ते जळत असताना घ्यावी लागतात, आणि ते केव्हाच विझून गेले होते. तूट जवळजवळ भरून निघाली होती. साहेबांनी स्वतः जाऊन दोन्ही शहाण्यांना सांगितलं होतं.

"बाकी काय?" बाईंनी फरशीकडे पाहत विचारलं.

"बाकी काही नाही, ताई," गणिती म्हणाला.

तो गेल्यावर बाई पडून विचार करत राहिल्या. अब्जावधी वर्षं वाटचाल करून तो उजेड दुर्बिणीच्या आरशावर येऊन पडला होता. तिथून चित्रात उतरून त्यांच्या डोळ्यापर्यंत पोचला होता, आणि शेवटच्या वीतभर अंतरात हरवला होता. त्यांना आपल्या चुकीची लाज वाटायला हवी होती. वाटत होती भीती. अजून काय काय समोरून गेलं असेल ही ती भीती होती, आणि उशीत तोंड खुपसून पडलेल्या माणसाला ती कुणाला सांगताही येईना.

महिना-दीड महिन्याने बुडबुडा विरून गेला आणि डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं. उजव्या डोळ्यावर झाकण ठेवलं. समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. बाईंनी वाचली. सगळ्यात बारीक ओळ सोडून सगळी.

"मधला भाग वाचला," डॉक्टर म्हणाले. "छान."

मागे उभ्या असलेल्या नवऱ्याने इतका मोठा सुस्कारा सोडला की डॉक्टर हसले. डोळा वाचला होता. पुस्तक वाचता येणार होतं, चेहरे दिसणार होते. काम करता येईल का, एवढंच आता राहिलं होतं.

"आता कोपरा बघू," डॉक्टर म्हणाले. ते स्टूल ओढून बाईंच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ बसले. "माझ्या नाकाकडे बघायचं. नजर हलवायची नाही. मी हात वर नेऊन कोपऱ्यातून आत आणणार आहे. माझी बोटं दिसली की 'हा' म्हणा."

बाईंनी नजर रोखली. त्यात त्यांना कुणी हरवलं नसतं. डॉक्टरांचं नाक, त्यावरची चष्म्याची खूण, खांद्यामागे नवऱ्याचा चेहरा. कोपऱ्यात काही नव्हतं. भिंत होती, किंवा भिंत आहे असं डोळा सांगत होता. त्या वाट पाहत राहिल्या. अजून हात उचलला नसेल.

तेवढ्यात खांद्यामागे नवऱ्याची नजर हलली. ती बाईंच्या चेहऱ्यावरून निघाली, वर चढली आणि कोपऱ्यात, भिंतीपाशी, एका जागी जाऊन थांबली. तो काहीतरी पाहत होता. ते हलत असावं, कारण त्याचे डोळे त्याच्याबरोबर हळूहळू आत येत होते. मग त्याने बाईंकडे पाहिलं आणि पुन्हा तिथे पाहिलं.

'हा' म्हणायला काहीच लागत नव्हतं. बरोबरही ठरलं असतं. बाईंच्या जिभेवर तो शब्द आलाही होता.

"काही दिसतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "दिसत नाही. पण आहे तिथे."